नाव विकत घ्या, बाकी फुकट चालेल

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,
पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव. माझी बारावी झाली आहे, लग्नानंतर शेतीच बघते. लिहायची आवड पहिल्यापासून. सासूबाई जात्यावरच्या ओव्या सांगायच्या, त्या मी वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. २०१९ च्या पुरात त्यातल्या दोन वह्या गेल्या. तेव्हा ठरवलं की आता कागदावर नको, मोबाइलवर लिहायचं. सोशल मीडियावर एक पेज काढलं आणि तिथं ओव्या, हळद शिजवायची आमची पद्धत, पुरात कोण कुठं अडकलं त्याच्या हकिकती असं लिहीत गेले. माणसं आवडीनं वाचायची. दिवाळीनंतर एक दिवस पेज दिसेनासं झालं, खातंही उघडेना. विचारायचं कुणाला तेही कळेना. माझा भाचा सांगलीत डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, "मावशी, आपल्या जुन्या लॅपटॉपवर आपलाच सर्व्हर करू, आपलाच ब्लॉग, एक रुपया लागत नाही." एका दुकानात विचारलं तर त्यांनी वेबसाइटचे पंधरा हजार सांगितले. आमचे मालक म्हणतात, फुकट होत असेल तर कर, पंधरा हजार कशाला घालायचे. खरंच फुकट होतं का? आणि पुन्हा असं सगळं जाणार नाही ना?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर

ताई,

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होतं, जवळजवळ फुकट होतं. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास एक खर्च आहे आणि तो करावा असं माझं ठाम मत आहे. कशासाठी, ते पुढे सांगतो. पण पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही जे विचारलंय, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं.

कुठल्याही वेबसाइटमध्ये तीन वस्तू असतात. तुमचं लिखाण, ते ज्या नावानं सापडतं ते नाव (याला डोमेन म्हणतात), आणि ते जिथं ठेवलंय ते यंत्र. तुमच्या पेजवर यातलं काहीच तुमचं नव्हतं. लिखाणाची प्रत तुमच्याजवळ नाही, पत्ता त्यांच्या नावाला जोडलेला आणि यंत्र तर त्यांचंच. म्हणून त्यांनी दार लावलं तेव्हा तुमच्या हातात काही उरलं नाही. भाचा म्हणतो, यंत्र आपलं करू. पोरगं मावशीसाठी धडपडतंय, चांगलं आहे. पण तिन्हींत यंत्राचं महत्त्व सगळ्यात कमी. लिखाणाची प्रत आणि नाव तुमच्या ताब्यात असेल तर यंत्र कुणाचंही चालतं. त्यानं उद्या हाकललं, तर दुसऱ्याकडे जाऊन त्याच नावाखाली तेच लिखाण एक-दोन दिवसांत उभं करता येतं. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही की सामान हललं.

तुमच्यावर आलेली वेळ जगावेगळी नाही. जिओसिटीज नावाच्या जागेवर लाखो लोकांनी आपली पानं बांधली होती, ती २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुटवर आपल्याकडची किती मंडळी गप्पा मारायची. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या या जागा. म्हणून "कुठली जागा कधीच बंद होणार नाही" हे शोधण्यात वेळ घालवू नका. जागा बंद झाली तरी आपलं नुकसान होणार नाही, अशी मांडणी आधीच करून ठेवायची.

नवीन काही उभारायच्या आधी मात्र गेलेलं लिखाण गोळा करा, कारण या कामाला उशीर परवडत नाही. पेजवर टाकलेला मजकूर तुम्ही बहिणींना, मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाच असणार. त्या त्या चॅटमध्ये जाऊन "एक्सपोर्ट चॅट" करा, फोटोंशिवाय. सगळ्या संभाषणाची एक साधी मजकुराची फाइल मिळते, त्यातून तुमच्या पोस्टी निवडून काढायच्या. ज्यांनी तुमचं लिखाण पुढं पाठवलं असेल त्यांनाही सांगा, "माझं काही तुमच्या फोनमध्ये असेल तर परत पाठवा." लोक पाठवतात. फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट असतील तेही बाजूला काढा. आणि पेजचं खातं कधीकाळी पुन्हा उघडलं, तर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन आपली सगळी माहिती डाउनलोड करायची. मग बाकीचं. फोन बदलायचा विचार असेल तर हे होईपर्यंत थांबा.

आणि सासूबाई अजून ओव्या सांगत असतील, तर गेलेल्या वह्यांतल्या पुन्हा सांगायला लावा आणि या वेळी आवाजही रेकॉर्ड करा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या, आणि आज त्या इंटरनेटवर ऐकायला, वाचायला मिळतात. गाणारीचं नाव आणि तिचं गाव ओवीसोबत नोंदलेलं आहे, म्हणून त्या संग्रहाला वजन आहे. तुम्हीही प्रत्येक ओवीखाली कुणी सांगितली, माहेर कुठलं, कधी लिहून घेतली, एवढं लिहा.

आता लॅपटॉप. भाच्याला हा भाग वाचून दाखवा, त्याला पटेल.

घरातल्या लॅपटॉपवर ब्लॉग चालतो, यात खोटं काही नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, त्यावर ब्लॉग चालवणारा वर्डप्रेस हा प्रोग्रॅम चढवायचा. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणालाही फुकट घेता येतं. अडचण बाहेरून येणाऱ्या माणसाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना आणि मोबाइल डेटाला स्वतंत्र पत्ता मिळतच नाही. मोठ्या वाड्याला दिंडी दरवाजा एक आणि आत पंधरा बिऱ्हाडं असावीत, तसं कंपनी एकाच आयपी पत्त्यामागं अनेक घरं बसवते. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला तुमचं बिऱ्हाड सापडत नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत यायच्या वाटा, उघडले तरी उपयोग होत नाही, आणि मुलं रात्र रात्र तिथंच डोकं फोडत बसतात. स्वतंत्र स्थिर पत्ता हवा तर कंपनी त्याचे वेगळे पैसे घेते.

यावर तोड आहे. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची टनेल नावाची फुकट सोय आहे. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो आतून बाहेर क्लाउडफ्लेअरशी जोडून घेतो आणि पाहुणे त्याच वाटेनं आत येतात. पोर्ट उघडावे लागत नाहीत, स्थिर पत्ता लागत नाही. पण कायमचा पत्ता हवा असेल तर त्यासाठी स्वतःचं डोमेन नाव लागतंच. म्हणजे भाच्याच्या वाटेनं गेलात तरी नावाचा खर्च चुकत नाही.

मग वीज. जुना लॅपटॉप पडदा बंद करून चालू ठेवला तरी २५ वॅट धरा. महिन्याचे ७२० तास. म्हणजे महिन्याला १८ युनिट, वर्षाला दोनशेच्या वर. युनिटमागं सगळे आकार मिळून आठ रुपये धरले तरी वर्षाचे सतराशे रुपये होतात. मालकांना हा हिशेब दाखवा. "फुकट" लॅपटॉप हा डोमेनच्या वर्षाच्या खर्चापेक्षा महाग पडतो, फक्त पैसे लाइटबिलात जातात म्हणून दिसत नाहीत. रास्पबेरी पायसारखं छोटं यंत्र पाच-सहा वॅटमध्ये भागतं, पण ते विकत आणावं लागेल. जुना लॅपटॉप वर्षभर चार्जरला लावून ठेवला की बॅटरी फुगण्याचाही धोका असतो. स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या खोलीत तसलं यंत्र बंद कपाटात ठेवून देऊ नका.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक कारण उरतं, आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. तुमचं घर कृष्णाकाठी आहे. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१ ला पुन्हा घरांत पाणी आलं. पूर चढायला लागला की आधी वीज तोडतात, मग माणसं हलतात, आणि त्या गडबडीत लॅपटॉपचं कुणाला भान राहणार? तुमच्या पुराच्या हकिकती ज्या यंत्रात आहेत ते यंत्र त्याच पुराच्या वाटेत ठेवायचं, हे मला पटत नाही. एकदा वह्या गेल्या आहेत. दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही.

तरी भाच्याला नाउमेद करू नका. त्याला त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू दे, वर्डप्रेस बसवू दे, टनेल करू दे. शिकण्यासाठी यासारखी शाळा नाही, आणि डिप्लोमानंतर कामालाही येईल. तुमचं लिखाण त्याच्या प्रयोगावर टांगलेलं नको, एवढंच.

तो कदाचित म्हणेल, मग क्लाउडवर, म्हणजे कंपन्यांच्या इंटरनेटवरच्या यंत्रांत, फुकट यंत्र घेऊ. मिळतं. ओरॅकलच्या क्लाउडवर कायम फुकट म्हणून काही यंत्रं देतात, गूगलही एक लहान यंत्र देतं, पण ते अमेरिकेतल्या ठरावीक ठिकाणीच. खातं उघडताना कार्डाची पडताळणी होते, फुकटच्या मर्यादेबाहेर गेलं तर बिल लागू शकतं, आणि यंत्र रिकामं पडून असेल तर ते काढून घ्यायची मुभा ओरॅकलनं अटींतच ठेवली आहे. शिवाय यंत्र चालू झाल्यापासून जगभरातले आपोआप चालणारे प्रोग्रॅम त्याचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत राहतात. अपडेट, कुलूप, बॅकअप, सगळं आपल्याच अंगावर. भाच्याची परीक्षा असेल त्या महिन्यात ते कोण बघणार?

फुकटच्या वर्डप्रेस होस्टिंगच्या, म्हणजे त्यांच्या यंत्रावर तुमची साइट ठेवायच्या, जाहिराती दिसतील. त्यात बरेच ठिकाणी जागा थोडी, वापर कमी झाला की खातं पुसायची अट, आणि तुमच्या ओव्यांशेजारी त्यांच्या जाहिराती. तिकडे जाऊ नका.

दुकानदाराच्या पंधरा हजारांबद्दल मी त्यांना वाईट म्हणणार नाही. दुकानाची वेबसाइट असती, फोन घ्यायला माणूस हवा असता, तर ती मेहनतीची किंमत असते. तुम्हाला त्याची गरज नाही. मात्र गावात आणखी कुणी अशा कामाला पैसे देत असेल, तर त्यांना एवढं विचारायला सांगा: डोमेन कुणाच्या नावावर नोंदवणार, पुढच्या वर्षी किती भरायचे, आणि सगळ्या मजकुराची प्रत माझ्या हातात देणार का. डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं किंवा तो गाव सोडून गेला, तर नाव सोडवून घेताना नाकी नऊ येतात. "एसएसएलचे वेगळे" असं कुणी म्हणालं तर तेही देऊ नका. एसएसएल म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातली वाट सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र; साध्या ब्लॉगला लागणारं ते लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, आणि मी खाली सांगतोय त्या ठिकाणी ते आपोआप बसतं.

माझा सल्ला असा. लिखाण साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायचं, एका लेखाची एक फाइल. त्या फायली गिटहब या फायली ठेवायच्या वेबसाइटवर ठेवायच्या आणि तिथल्या "पेजेस" या फुकट सोयीनं त्यांची वेबसाइट करायची. फायलींवरून पानं तयार करणारा जेकिल नावाचा प्रोग्रॅम तिथं आधीच बसवलेला असतो, २००८ पासूनचा जुनाजाणता आहे. डेटाबेस नाही, म्हणून बिघडायला फारसं काही नाही. प्लगिनची, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, अपडेट नाहीत, म्हणून चोर शिरायला वाट नाही. काटेकोर बोलायचं तर याला कुणी "स्वतःच्या सर्व्हरवरचा ब्लॉग" म्हणणार नाही, कारण यंत्र गिटहबचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं. पण फायली तुमच्या, नाव तुमचं. उद्या गिटहबनं अट बदलली तर त्याच फायली क्लाउडफ्लेअर पेजेसवर जातात, भाच्याच्या लॅपटॉपवरही चालतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसपेक्षा अशा फायली हलवणं कितीतरी सोपं.

जागा किती मिळते हे तुम्ही विचाराल. साइट १ जीबीच्या आत ठेवायची, आणि महिन्याला १०० जीबीपर्यंत वाचकांनी उघडलं तरी चालतं. नुसत्या मजकुराला हे आयुष्यभर पुरेल. जागा खातात ते फोटो. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो रुंदीला १२०० पिक्सेलपर्यंत लहान करून चढवला तर दोनशे केबीत बसतो, आणि मग १ जीबीत पाच हजार फोटो मावतात. गावाकडं रेंज कमी असताना वाचणाऱ्यालाही पान पटकन उघडतं. व्हिडिओ आणि ओव्यांचे मोठे आवाज इथं ठेवू नका, ते दुसरीकडं ठेवून फक्त लिंक द्यायची.

सुरुवातीची जोडणी भाच्यानं एका रविवारी करून द्यावी. खातं उघडणं, थीम निवडणं, नाव जोडणं हे त्याचं काम. पण खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोनवर हवं, त्याच्या नाही. गिटहब दुहेरी पडताळणी लावायला सांगतं आणि त्या वेळी काही रिकव्हरी कोड देतं. फोन हरवला तर तेच कोड तुम्हाला आत घेतात. ते कागदावर उतरवा आणि पुराच्या वेळी सातबारा, रेशनकार्ड ज्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेता, त्याच पिशवीत ठेवा. एकदा खात्याबाहेर अडकलात, पुन्हा अडकायचं नाही.

पुढचं रोजचं लिहिणं तुम्ही एकटीनं फोनवरून करू शकता. हळदीचाच लेख घ्या. फोनच्या ब्राउझरमध्ये गिटहब उघडून लेखांच्या फोल्डरमध्ये "क्रिएट न्यू फाइल" दाबायचं. फाइलचं नाव ठरावीक पद्धतीनं द्यायचं: आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग विषय, मधे आडव्या रेघा, आणि शेवटी डॉट एमडी. विषय इंग्रजी अक्षरांत लिहा, कारण फाइलच्या नावावरूनच लिंक तयार होते. मराठी अक्षरांतली लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की टक्क्यांच्या खुणांची आणि आकड्यांची हातभर ओळ होते आणि लोक ती बघून घाबरतात.

फाइलच्या अगदी वर तीन आडव्या रेघा, खाली लेआउट आणि टायटल अशा दोन ओळी, पुन्हा तीन रेघा. भाचा एक कोरा नमुना करून देईल, तो दर वेळी चिकटवायचा. इथं दोन ठिकाणी हमखास अडतं. काही फोनचे कीबोर्ड तीन छोट्या रेघांची आपणहून एक लांब रेघ करतात, मग पान विचित्र दिसतं. त्या रेघा टाइप करू नका, नमुन्यातून चिकटवा. दुसरं, शीर्षकात विसर्गासारखे दोन टिंब आले, म्हणजे "हळद: काहिलीपासून बाजारापर्यंत" असं काही लिहिलं, की जेकिल गोंधळतं आणि पान तयारच होत नाही. शीर्षक कायम अवतरणचिन्हांत ठेवा, मग काळजी नाही.

त्याखाली लेख, बोलता तसा. काहिलीत पाणी किती, पाल्यानं झाकायचं कसं, फेस वर आला की वास कसा बदलतो, काडी आरपार गेली की हळद शिजली हे तुम्हाला कुणी शिकवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाजारभावाच्या बातम्या पुष्कळ सापडतात; पण काहिलीपाशी उभ्या राहिलेल्या बाईनं लिहिलेलं फार थोडं आहे. तेवढं सविस्तर लिहा, घाई करू नका.

ओव्यांसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या पद्धतीत नुसतं एंटर दाबून ओळ तोडली तर पानावर ती तुटत नाही, पुढच्या ओळीला चिकटते आणि ओवीचा गद्य परिच्छेद होऊन बसतो. ओळ जिथं तोडायची तिथं शेवटी दोन वेळा स्पेस द्यायची आणि मग एंटर. दोन ओव्यांच्या मधे एक रिकामी ओळ सोडायची. एवढं पाळलं की ओवी ओवीसारखी दिसते.

लिहून झालं की "कमिट चेंजेस". बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत पान दिसायला लागतं. जोडणी करताना भाच्याला साइटची भाषा म्हणून मराठीचा कोड, म्हणजे एम-आर, टाकायला विसरू नको म्हणावं. नाहीतर ब्राउझर पान इंग्रजी समजतो. कोड बरोबर असेल तर काही फॉन्टमध्ये आपले ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. आणि पूर्वी एखाद्या दिवाळी अंकासाठी तुमचा लेख डीटीपीवाल्याकडून टाइप झाला असेल, तर ती फाइल जशीच्या तशी चिकटवू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबवर अगम्य अक्षरं होऊन येतो, तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो. फोनवर तुम्ही जे लिहिता ते युनिकोडच असतं.

आता एक गोष्ट जपून करायची. गिटहबच्या फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर फायलींचं ते दालन सगळ्यांना खुलं असतं. अर्धवट लेख तिथं ठेवले तर तेही कुणी उघडून वाचू शकतं. आणि एकदा चढवलेली फाइल पुसली तरी तिची जुनी प्रत इतिहासात राहते. एरवी ही सोय आहे, चुकून काही पुसलं तर परत आणता येतं. पण पुरात कोण कुठं अडकलं होतं, कुणाच्या घरातलं माणूस गेलं, कुणाला मदत मिळाली नाही, असं तुम्ही लिहिता. पलूस तालुक्यानं २०१९ ला ब्रह्मनाळची बोट उलटताना पाहिली आहे. त्या जखमा अजून ओल्या आहेत. ज्यांची हकिकत आहे त्यांना लेख आधी वाचून दाखवा. नाव घालू का, फोटो टाकू का, विचारा. नको म्हणाले तर नाव बदला. हे चढवायच्या आधीच करायचं, कारण मागाहून मागे घेणं अवघड. ओवी सांगणाऱ्या बायकांनाही विचारा. बहुतेकींना आपलं नाव आलेलं आवडतं, पण विचारायला हवं.

आता तो एक खर्च, म्हणजे नाव. गिटहब स्वतःच्या पत्त्यात तुम्हाला एक फुकट नाव देतं, त्यावर आजच सुरुवात करता येते. पुढे स्वतःचं डोमेन जोडलं की जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो. पण हे गिटहबवर आहात तोवरच. तिथून हललात की तो पत्ता गेला, आणि लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक मेल्या. म्हणून शक्य असेल तर पहिल्या लेखापासूनच स्वतःचं नाव वापरा. डॉट इन घ्या. त्याची व्यवस्था निक्सी ही आपल्याकडचीच संस्था बघते, आणि नोंदणी तिच्या मान्यताप्राप्त विक्रेत्यांकडे होते. पहिल्या वर्षाची किंमत शंभर-दोनशेही दिसेल. तिकडे बघू नका, नूतनीकरणाची किंमत बघा. ती पाचशे ते हजारात बसते. सोबत होस्टिंग, ईमेल, एसएसएल असं काय काय टोपलीत टाकून देतात, ते सगळं काढा. फक्त नाव. नोंदणीत तुमचं नाव, तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल. ओळखपत्र मागितलं तर तुमचंच द्या.

फुकट डोमेन मिळतं का असं भाचा विचारेल. डॉट टीकेसारखी नावं वर्षानुवर्षं फुकट वाटणारी एक सेवा होती. २०२३ मध्ये तिनं नवी नोंदणी थांबवली, पुढच्या वर्षी तो धंदाच सोडला, आणि त्यावर घर बांधलेले लोक उघड्यावर आले. डॉट भारतमध्ये देवनागरी नावही घेता येतं, २०१४ पासून सोय आहे. मला ते मनापासून आवडतं, पण ते दुसरं नाव म्हणून घ्या. देवनागरी पत्ता टाइप करताना आणि काही जुन्या अ‍ॅपमध्ये अजून लोकांची अडचण होते.

नाव निवडताना ते फोनवर सांगता आलं पाहिजे. "डबल ए की सिंगल ए" असं समजावून सांगावं लागलं तर दुसरं शोधा. गावाचं नाव घालण्यापेक्षा तुमच्या लिखाणाचं नाव घाला, कारण पुढे शेजारच्या गावांतल्या बायकाही ओव्या पाठवायला लागतील. त्या कुठं पाठवणार म्हणाल, तर ब्लॉगसाठी एक वेगळा ईमेल काढा आणि तोच प्रत्येक लेखाखाली द्या. मोबाइल नंबर जाहीर करू नका.

प्रती किती ठेवायच्या? गिटहबवर एक असतेच. "डाउनलोड झिप" दाबलं की सगळी साइट एका फाइलमध्ये येते, ती दर महिन्याला उतरवून घ्यायची. एक लॅपटॉपवर, चला, त्याला हे काम मिळालं. एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह घरात ठेवायचा नाही. माहेर पुराच्या पट्ट्याबाहेर, जत-कवठेमहांकाळकडं कुठं असेल तर तिथं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात जाल तेव्हा नवी प्रत घालायची. जूनमध्ये मृग लागायच्या आधी एकदा न चुकता.

वाचक पुन्हा जमायला थोडा वेळ लागेल. पेजवर लोकांना तुमचं लिखाण आपोआप दिसायचं, इथं त्यांना यावं लागेल. म्हणून दर नव्या लेखाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत जा, हवं तर नवं पेज काढून तिथंही टाका. मात्र तिथं फक्त चार ओळी आणि लिंक. पूर्ण लेख आधी तुमच्या फाइलमध्ये, मग बाकी सगळीकडे. हा क्रम उलटा करू नका, घाई असली तरी.

नूतनीकरणाची तारीख भाच्याच्या भरवशावर सोडू नका. तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि हळदीचे किंवा उसाचे पैसे हातात आले की दोन-चार वर्षांचे एकदम भरून टाका. तशी सोय असते. नाव ठरलं की कळवा. घेताना कुठल्या पानावर अडलात तर त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, फोन नंबर आणि ओटीपी झाकून.